उत्तर: मुलांच्या जिभेआधी त्यांचा रस्ता तपासा

'हल्लीच्या मुलांना जिभेवर ताबाच नाही' म्हणून ती बाहेरचं अरबट-चरबट खातात, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. पंधरा वर्षांचं पोर संध्याकाळी क्लासमधून सुटतं तेव्हा हाताशी दहा-वीस रुपये आणि दहा मिनिटं असतात. त्यात बसेल तेच ते घेणार. वेफर्सचं पाच-दहा रुपयांचं पाकीट महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून टपरीवाला ते लटकवून ठेवतो; केळी दोन दिवसांत काळी पडतात, तोटा त्याच्या माथी.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. पण ५० मीटर म्हणजे मिनिटभराची चाल! शिवाय खाजगी क्लास म्हणजे शाळा नव्हे.

आपल्या भागात मुलांना वाटेत खायला काय मिळतं याची पाहणी करायची तर घराभोवती वर्तुळ आखू नका. शाळा-क्लास-बसस्टॉप हा रस्ता क्लास सुटण्याच्या वेळीच चाला. सकाळी गेलात तर हातगाड्या दिसणारच नाहीत, मोबाइलच्या नकाशावरही बहुतेक नसतात. प्रत्येक ठिकाणी वीस रुपयांत काय मिळतं ते लिहा. उकडलेलं अंडं, फुटाणे, शेंगदाणे, चिक्की किती ठिकाणी आहे, तेही.