सामू, अल्कता, क्षारता : रीफ टँकच्या तक्त्यावर मराठीत काय लिहायचं?

खारंपाणी (इंदिरानगर, नाशिक)
मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर तीन. घरी छोटा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक आहे, मऊ कोरल (प्रवाळ) आणि थोडे मासे. मी बराच वेळ कामासाठी पुण्यात असतो तेव्हा टँक अण्णा म्हणजे वडील बघतात, आणि त्यांचं म्हणणं की रोज काय मोजायचं त्याचा तक्ता मला सरळ मराठीत लिहून दे. पीएचला सामू हे माहितीये. पण ऑनलाइन भाषांतर केलं तर सॅलिनिटीला 'क्षारता' आलं आणि अल्कलिनिटीलाही 'क्षारता'च आलं. आता एकाच कागदावर दोन क्षारता कशा लिहू?

शब्दवेडी
हा हिंदीतून आलेला घोळ आहे आणि नेहमीचा आहे. हिंदीत धडाच 'अम्ल, क्षारक एवं लवण' असा असतो, म्हणजे त्यांचा क्षारक म्हणजे बेस आणि लवण म्हणजे सॉल्ट. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार', इथे क्षार म्हणजे सॉल्ट. मराठीत क्षारता म्हटलं की पाण्यात क्षार किती, म्हणजे तुमची सॅलिनिटी, समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम असते ती. अल्कलिनिटीला, म्हणजे आम्ल पडलं तरी सामू पटकन खाली न येऊ देण्याच्या पाण्याच्या ताकदीला, माझं मत 'अल्कता'. 'विम्लता' पण सापडेल, पण विम्ल जमीन म्हणतात तेव्हा तिचा सामू ७ च्या वर आहे एवढंच सांगायचं असतं, त्यामुळे तो शब्द सामूशी जोडला गेलाय, तुम्हाला वेगळा हवाय.
जाता जाता, 'सामूची पातळी' लिहू नका हो. सामू हा आकडाच आहे, पातळीची पातळी कशाला.

द्राक्षवाला (निफाड)
ताई बरोबर बोलल्या. आमच्या माती-पाण्याच्या रिपोर्टवर सामू वेगळा, ईसी (विद्युतवाहकता) म्हणजे क्षार वेगळे आणि कार्बोनेट-बायकार्बोनेट वेगळं असतं. मला टँकमधलं काही कळत नाही पण ही अल्कता काय चीज आहे ते प्रत्येक बागायतदाराला माहितीये, फक्त नाव माहिती नाही. फवारणीच्या पाण्याचा सामू खाली आणायला आम्ही सायट्रिक ॲसिड टाकतो ना, तर दोन बोअरचं पाणी घ्या, दोन्हीचा सामू ७.८. एका ड्रमला थोड्याशा ॲसिडमध्ये सामू ६ वर येतो आणि दुसऱ्याला टाकत राहा टाकत राहा, काटा हलतच नाही. त्या दुसऱ्या पाण्यात बायकार्बोनेट ठासून भरलेलं असतं. सामू दोन्हीचा एकच होता की!

टँकवाला (सिडको)
द्राक्षवाले भाऊ, याहून सोपं कुणी सांगितलं नसतं. आणि गंमत म्हणजे टँकच्या किटमध्ये हेच करतात, काचेच्या नळीत ५ मिली पाणी, त्यात किटमधलं द्रावण एकेक थेंब टाकायचं, ते आम्लच असतं, पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि मग मोजत राहायचं, ज्या थेंबाला निळ्याचं पिवळं होईल तेवढी डिग्री (हे अल्कतेचं आमचं एकक). आम्ही हॉबीवाले अल्कलिनिटी कुणी म्हणतच नाही, 'केएच किती' असंच विचारतो. समुद्रात ७ च्या आसपास असतो, टँकमध्ये लोक ८ ते ९ धरतात. मुद्दा असा की नुसतं नाव बदललं म्हणून भागत नाही, दोन्ही गोष्टी वागतात पण वेगळ्या. केएच हळूहळू खाली उतरतो, कारण कोरल आणि दगडावरचं गुलाबी शेवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात, दगडी कोरल असेल तर जास्तच (ते आपल्याकडे वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, तुमचे मऊ आहेत ते बरंय). सामू मात्र रोज वरखाली होतो. दिवसा लाइटमध्ये शेवाळ आणि कोरल कार्बन डायऑक्साइड ओढतात म्हणून संध्याकाळी ८.२-८.३, रात्रभर सगळे नुसता श्वास घेतात म्हणून लाइट लागायच्या आधी ७.९. अण्णांना सांगून ठेवा, सकाळचा आकडा बघून घाबरायचं नाही, आणि रोज एकाच वेळी मोजायचं.

खारंपाणी
पण हिवाळ्यात आमचा सामू सकाळी ७.७ आणि संध्याकाळीसुद्धा ७.९ च्या वर जात नाही. केएच ८.५ आहे. दुकानात विचारलं तर म्हणाले पीएच वाढवायची पावडर टाका.

टँकवाला (सिडको)
बघा, इथेच शब्द अंगाशी येतो. त्या पावडरी बहुतेक सोड्याच्याच असतात, म्हणजे वाढणार केएच, तो तर तुमचा आधीच ठीक आहे. सामू दोन दिवस वर जाईल आणि परत खाली, तुम्ही परत पावडर, आणि केएच १३ वर जाऊन बसेल. केएच बरा आणि सामू कमी म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त. नाशिकची थंडी, खिडक्या बंद, घरात चार माणसं आणि गॅस चालू. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या आसपास, बंद खोलीत १००० च्या वर सहज जातो आणि तोच पाण्यात मुरतो. खात्री करायची तर तांब्याभर टँकचं पाणी गच्चीत न्या, एअर पंप लावून तासभर बुडबुडे सोडा आणि मोजा. सामू चढला तर दोष हवेचा. मग स्किमरची (पाण्यात बुडबुडे सोडून घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढा, काम झालं. केएच खरंच पडला तरच सोडा. १०० लिटरला १ डिग्री चढवायला खाण्याचा सोडा साधारण ३ ग्रॅम, दिवसाला १ डिग्रीच्या वर नको. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, तो सामूपण उचलतो, खाण्याचा फारसा नाही.

शब्दवेडी
आणि केएच-कॅल्शियम टिकवायला टँकवाले ते कालकवासर कालकवासर म्हणतात ती आपली चुन्याची निवळीच ना? इतका सुंदर शब्द असताना जर्मन कशाला?

टँकवाला (सिडको)
हो तीच. पण 'चुना' लिहिलं की अण्णा पानाच्या डबीतला टाकतील, म्हणून 'शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी' असं लिहा. ती टँकमधून वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी रात्री थेंबथेंब सोडायची, तिचा स्वतःचा सामू १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर मासे गेले. वर साय धरते ती कार्बन डायऑक्साइड खाऊनच, ती साय आणि तळाचा गाळ दोन्ही टाकायचं नाही, नावाप्रमाणे फक्त निवळलेलं.

खारंपाणी
तक्ता लावला. सामू, क्षारता, अल्कता (केएच), कॅल्शियम. अण्णांनी पेन घेऊन 'अल्कता' खोडलं आणि 'बायकार्ब' लिहिलं, म्हणे मला हेच कळतं. गच्चीतल्या तांब्याचा सामू ८.१ आला, नळी आता खिडकीबाहेर आहे.

द्राक्षवाला (निफाड)
अण्णा आमच्यातले दिसतायत! फक्त आकड्याचं एकक शेजारी लिहा, नाहीतर ते लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघतील. मी हिशोब केला, तुमची ८ डिग्री म्हणजे रिपोर्टवरचे २.८६ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर.