मदत हवी आहे: ‘टोकियो स्टोरी’तलं पहाटेचं वाक्य

(शेवट फुटतोय, सांभाळा.) काल दोघांनी जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पाहिला. म्हातारी जाते त्या पहाटे तिचा नवरा शुकिची बाहेर एकटाच उभा असतो. सून नोरिको शोधत येते, तर म्हणतो, पहाट सुंदर होती, आज उकडणार! इथे हिला रडू आवरेना. मला तो माणूस कोरडा वाटला, आणि मग चहा होईपर्यंत अबोला.

प्रसंग पुन्हा दोनदा पाहिला, सबटायटल्स इंग्रजीच होती. परीक्षणं चाळली, तर सगळी ओझूच्या जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यावर अडकलेली. जपानी आम्हा दोघांनाही येत नाही. ज्यांना येतं त्यांनी सांगा: मूळ वाक्यही इतकंच साधं आहे, की भाषांतरात काही गळलंय?