मदत हवी आहे : अधूनमधून बाहेरगावी जाणाऱ्यासाठी परवडणारं नेट

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात दुकानदारांची जीएसटीची कामं करते. घरी वायफाय आहे, अडचण फक्त बाहेर पडल्यावर. सासर बामणोलीकडे, शिवसागरच्या काठाला, आणि माहेर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला. जाणं क्वचितच, पण नेमकी २० तारीख मध्ये येते, म्हणजे दरमहा ३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस. लोकांना लेट फी बसू नये एवढीच तळमळ आहे.

फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भराभर उतरते आणि ओटीपीसाठी फोन तर जिवंत हवाच. म्हणून पॉकेट राउटर, म्हणजे सिम घालून वायफाय देणारं छोटं यंत्र, घ्यायचा विचार आहे. जिओफाय या जिओच्या राउटरमध्ये जिओचंच सिम चालतं, त्यामुळे कुठलंही सिम घेणारा अनलॉक राउटर बरा वाटतो, कारण खोऱ्यात एका वळणावर एकाची रेंज, तर पुढच्या वळणावर दुसऱ्याची.

खरा प्रश्न रिचार्जचा. २८ दिवसांचा पॅक मारायचा आणि वापरायचे दोन दिवस, हे पटत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये विशेष व्हाउचरची (फक्त डेटासारख्या खास रिचार्जची) कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. मग मूळ प्लॅनशिवाय चालणारा, फक्त डेटाचा, लांब मुदतीचा पॅक कुणी सध्या वापरतंय का? कुठल्या कंपनीचा, केवढ्याला पडला?

आणि बामणोली-तापोळा भागातल्या ताई-दादांनो, तुमच्याकडे घरात बसून लॅपटॉप चालेल अशी रेंज कुणाची येते? राउटर जुना घेतला तर बॅटरी सोडून आणखी काय तपासायचं, तेही सांगा.