बळीचा बकरा, यज्ञ आणि वधस्तंभ : देव बळी मागतो, की बळीच्या बाजूने उभा राहतो?

प्रश्न : सातरस्ता, सोलापूर

सोलापुरातील आमच्या मंडळीच्या तरुण संघात या उपवासकाळात लेवीय १६ आणि यशया ५३ हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचायचे ठरले असून त्याची तयारी माझ्याकडे आहे. लेवीयच्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जातात आणि चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी, तर दुसरा अजाजेलासाठी (हे रानाशी जोडलेले नाव आहे, त्याचा नेमका अर्थ वादाचा आहे) ठरवला जातो. पहिल्याचा वध होतो. दुसऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवून इस्राएलाचे सर्व अपराध कबूल करतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. संघातील एका मुलीने यावर विचारले की, जे त्या बकऱ्याने केलेच नाही ते त्याच्या माथी मारायला देवानेच सांगितले असेल, तर गावाने एखाद्या विधवेला चेटकीण ठरवून हाकलून देणे आणि हा विधी यांत फरक कोणता? आणि येशूच्या बाबतीत देवाने हेच केले का?

पापाची शिक्षा कोणीतरी भोगायला हवी होती आणि ती ख्रिस्ताने आपल्याऐवजी भोगली, हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते मला नाकारायचे नाही. पण तिच्या प्रश्नाला ते पुरे पडत नाही. तिने ग्रीक शोकांतिका वाचलेल्या आहेत. ईडिपस बाहेर गेला की थीब्जची साथ हटेल, राजकन्या इफिजिनियाचा बळी दिला की गलबतांना वारा मिळेल, असे तिथेही सांगितले जाते. मग शुभवर्तमान ही त्याच जातीची आणखी एक कथा नाही, हे कशाच्या आधारे म्हणायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : भीमाकाठ

ताई, मी अनेक वर्षे पाळक म्हणून सेवा केली आणि हा प्रश्न मला अतिशय मोलाचा वाटतो. सुरुवात त्या अध्यायापासूनच करावी, कारण घाईने वाचताना त्यातील एक गोष्ट निसटते. बकरा दोषी आहे असे लेवीय १६ कोठेही म्हणत नाही. महायाजकाला आधी स्वतःच्या आणि स्वतःच्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा अर्पावा लागतो. लोकांनी त्या दिवशी काम सोडून आपल्या जिवाला दंडन करावे, अशी आज्ञा आहे. आणि बकऱ्यावर हात ठेवताना मोठ्याने उच्चारली जातात ती बकऱ्याची नव्हे, तर लोकांची पापे. चेटकीण ठरवणारा गाव नेमके याच्या उलट करतो. तेथे कोणी स्वतःचे पाप कबूल करत नाही, सगळ्यांची खात्री असते की दोष तिचाच आहे, आणि ही खात्रीच त्या क्रौर्याला बळ देते.

अनिष्टाला शिवेबाहेर नेऊन सोडण्याची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. पटकी किंवा देवी यांसारखी साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडत असत. गाड्यावर घातले की निभावते. माणसावर घातले की अत्याचार होतो. माझ्या समजुतीप्रमाणे लेवीयचा विधी ही माणसाला त्या जागेवरून बाजूला काढण्याची पहिली पायरी आहे.

यशया ५३ मध्ये दुसरी पायरी येते. त्या अध्यायाचा चौथा श्लोक संघात सावकाश वाचून घ्यावा. तो अध्याय दुःख सोसणाऱ्या परमेश्वराच्या सेवकाविषयी आहे; देवाने त्याला ताडन केले आहे असे 'आम्ही' समजत होतो, अशी तेथे कबुली आहे, आणि पुढे नवव्या श्लोकात त्याने काही अपकृत्य केले नव्हते, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जमावाचीच समजूत येथे कबुलीजबाबात उलटली आहे. नव्या करारात ती समजूत पुन्हा बोलते, ती महायाजक कयफाच्या तोंडून. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरावे हे हिताचे आहे, हा योहान ११ मधील त्याचा हिशेब राजकारणातला आहे. योहान म्हणतो की तो नकळत भविष्य बोलला. पण म्हणून योहान कयफाला निर्दोष ठरवत नाही. प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये पेत्रही देवाचा संकल्प आणि अधर्म्यांचे हात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवतो. शिकवताना यांतील एक गोष्ट गाळली, की आपण कयफाच्या शेजारी जाऊन बसतो.

उत्तर : सीमेवरचा वाचक

मी अक्कलकोट तालुक्यातला आहे आणि महाविद्यालयात साहित्य शिकवतो. ग्रीक शोकांतिकांच्या मुद्द्यावर फ्रेंच विचारवंत रेने जिरार (१९२३–२०१५) यांचे प्रतिपादन आपल्या उपयोगी पडेल. एकमेकांचे पाहून माणसे एकाच गोष्टीची इच्छा धरतात, त्यातून स्पर्धा आणि वैर पसरते, आणि समाज फुटण्याच्या बेतात आला की सगळ्यांचा रोख अचानक एकावर वळतो. त्याला मारले किंवा हाकलले की शांतता येते, आणि ती शांतता खरी असल्यामुळेच तो दोषी होता यावर लोकांचा विश्वास बसतो. पुराणकथा ही हकीकत जमावाच्या बाजूने सांगतात; ईयोब, स्तोत्रे, योसेफाची कथा आणि शुभवर्तमान ती बळीच्या बाजूने सांगतात, असे जिरार यांचे म्हणणे आहे. लूक २३:१२ मध्ये एक बारीक नोंद आहे, ती त्या मुलीला अवश्य दाखवावी : पूर्वी वैर असलेले हेरोद आणि पिलात हे सत्ताधारी येशूच्या चौकशीच्या त्याच दिवशी मित्र झाले. मात्र त्या शांततेला सुवार्तिक पवित्र म्हणत नाही.

सोफोक्लीजच्या नाटकात ईडिपसने पित्याचा वध केलेला आहे, त्यामुळे त्याला निरपराध म्हणता येणार नाही. परंतु संपूर्ण शहराच्या साथीला एका माणसाचा गुन्हा कारण आहे, हे समीकरण तेथे शेवटपर्यंत मोडत नाही, आणि खुद्द ईडिपसही ते स्वीकारतो. युरिपिडीजच्या नाटकात इफिजिनिया अखेरीस ग्रीसच्या हितासाठी आपण होऊन पुढे होते. प्रेक्षकाला वेदना होतात, पण सैन्य पुढे निघणारच असते. शेक्सपिअर मला याहून अधिक स्पष्टदृष्टीचा वाटतो. सीझरला मारण्यापूर्वी त्याचा ब्रूटस सोबत्यांना बजावतो की आपण यज्ञकर्ते होऊ, खाटीक नको; आणि तिसऱ्या अंकात तोच हिंस्र आवेग रस्त्यावर येतो व सिन्ना नावाच्या एका कवीला केवळ नावाच्या साधर्म्यामुळे जमाव फाडून टाकतो. हत्येला यज्ञाचे नाव देणाऱ्याने रक्तपाताची सीमा आखून ठेवली, तरी जमाव ती पाळत नाही, हे त्या प्रवेशातून जसे कळते तसे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून क्वचितच कळते.

आमच्या सीमाभागात घराघरांत कन्नड चालते, म्हणून 'केरेगे हार' या कन्नड लोकगीताचा उल्लेख करतो. गावचा गौडा (पाटील) तळे खणतो, पाणी लागत नाही, आणि ज्योतिषी सुनेचा बळी द्यायला सांगतो. धाकट्या भागीरथीची निवड होते. ती माहेरी जाऊन येते, मुकाट्याने तळ्यात उतरते आणि पाणी चढते. बळी फळाला आला, असे गीत सांगते. परंतु शिपाईगिरीवर गेलेला तिचा नवरा परत येऊन त्याच तळ्यात उडी घेतो, तेव्हा त्या पाण्याचे समाधान ऐकणाऱ्याला उरत नाही. ही कथा जमावाची आहे, पण रचणाऱ्या बायकांचे मन भागीरथीपाशी आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. म्हणून सगळ्या लोककथा एका बाजूला आणि शुभवर्तमान दुसऱ्या बाजूला, इतकी सरळ रेघ मी ओढणार नाही.

उत्तर : जुना करार

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, परंतु जिरार यांच्या चौकटीत बायबलमधील अर्पणाची कल्पना पूर्ण बसत नाही. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातील अन्नार्पणात रक्त नाही. पीठ, तेल आणि ऊद आहे. पाचव्या अध्यायात तर ज्याला दोन पारव्यांचीही ऐपत नाही, त्या गरिबाने पापार्पण म्हणून थोडे सपीठ आणावे, अशी सवलत दिली आहे. प्रत्येक अर्पणाच्या मुळाशी हत्याच असती, तर ही सवलत देता आली नसती. अर्पणामध्ये आभार आहे, सहभोजन आहे, आणि स्वतःला देणेही आहे. उत्पत्ती ४४ मध्ये यहूदा, ज्याने पूर्वी आपला भाऊ योसेफ याला विकण्याची युक्ती काढली होती, तोच धाकटा भाऊ बन्यामीन याच्याऐवजी मला गुलाम ठेवा म्हणून उभा राहतो. दुसऱ्याला पुढे ढकलणे आणि स्वतः पुढे होणे यांना एकाच नावाखाली ठेवता कामा नये. जिरार यांनी स्वतःही आधी ख्रिस्ताच्या मरणाला यज्ञ म्हणण्यास नकार दिला होता, आणि इन्सब्रुकचे येशूसंघीय धर्मपंडित राइमुंड श्वागर यांच्याशी झालेल्या विचारविनिमयानंतर ती भूमिका बदलली. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, हे योहान १०:१८ मधील वचन मला येथे निर्णायक वाटते.

आणखी एक गोष्ट मंडळीत उघडपणे बोलली जावी. वधस्तंभाची उपासना करणाऱ्यांनीच बळीचे बकरे शोधले आहेत. १३४८-४९ च्या प्लेगच्या काळ्या साथीत विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन युरोपातील ख्रिस्ती शहरांनी यहुद्यांना मारले. स्ट्रासबुर्गमध्ये फेब्रुवारी १३४९ मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आले. पोप सहावा क्लेमेंट याने तो आळ खोटा असल्याचे आधीच जाहीर केले होते, तरी जमाव थांबला नाही. यहुदी लोकांवर सरसकट ख्रिस्तवधाचा दोष ठेवता येत नाही, हे रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घोषणेत लिहून ठेवले. तोपर्यंत किती शतके गेली, ते मुलांना कळू द्यावे.

प्रश्नकर्ती : सातरस्ता

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. भीमाकाठ सर, चेटकिणीसंबंधीचा भेद मी जसाच्या तसा मांडणार आहे. आपल्या राज्यातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातच 'नरबळी' हा शब्द असल्यामुळे हा विषय मुलांना दूरचा वाटणार नाही. एक अडचण मात्र राहते. २ शमुवेल २१ मध्ये दावीद राजाच्या काळातील तीन वर्षांच्या दुष्काळाचे कारण आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांचा केलेला रक्तपात आहे, असे परमेश्वरच सांगतो, आणि मग शौलाच्या वंशातील सात जणांना गिबोनी लोकांच्या हाती देऊन टांगले जाते. येथे तर देव आणि जमाव एकाच बाजूला दिसतात.

उत्तर : भीमाकाठ

ताई, तो अध्याय कठीण आहे आणि त्याची धार बोथट करू नये. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. दुष्काळाचे कारण दाविदाने परमेश्वराला विचारले, हे खरे. परंतु प्रायश्चित्त काय करावे, हे त्याने परमेश्वराला नव्हे, तर गिबोनी लोकांना विचारले. सात जणांची मागणी त्यांची आहे, आणि शब्द दिला तो दाविदाने. त्यानंतर शौलाची उपपत्नी रिस्पा, जिचे दोन मुलगे त्या सातांत होते, खडकावर तरट पसरून हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना प्रेतांजवळ येऊ देत नाही. ते कळल्यावर दावीद शौल, त्याचा मुलगा योनाथान आणि टांगलेल्यांच्या अस्थी गोळा करवतो आणि शौल व योनाथान यांच्या अस्थी शौलाचा बाप कीश याच्या कबरेत ठेवल्या जातात. देवाने देशासाठी केलेली विनंती ऐकली, हे वाक्य चौदाव्या श्लोकात येते. ते फाशीनंतर लगेच नाही, तर या दफनानंतर आहे. माझी सूचना अशी की लेवीय १६ आणि यशया ५३ यांच्या मध्ये हा अध्याय वाचावा, आणि त्या मुलीलाच तो मोठ्याने वाचायला सांगावा.