मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्र्याला रोज नेमकं किती फिरवावं?

पहाटवारा
शेरू माझ्याबरोबर रोज पहाटे पळायला येतो. हल्ली अर्ध्या वाटेत बसकण मारतो, पट्टा ओढला तरी उठत नाही. नेलं नाही तर घरभर येरझारा आणि दारापाशी कुंईकुंई. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, व्यायाम कमी करा. कमी म्हणजे किती? दहा मिनिटं की अर्धा तास? ज्यांनी म्हातारा कुत्रा सांभाळलाय त्यांनी आकडा सांगा. 'काळजी घ्या' एवढंच लिहू नका, ती घेतोच आहे.

चिंचबन
वय किती? जात कोणती? वजन? बसतो तो पाय दुखतो म्हणून की दम लागतो म्हणून? हे कळल्याशिवाय आकडा कोण सांगणार?

पाणकोंबडी
पोहायला न्या. पाण्यात अंगाचा भार सांध्यांवर येत नाही आणि स्नायू मात्र सगळे कामाला लागतात. आमच्या कुत्रीला जिना चढवत नव्हता, पोहायला लागल्यावर चढायला लागली. मी सगळ्यांना हेच सांगते.

बोरकूट
फिरवणं बंद करा. अकरा-बारा वर्षांचा असेल तर सातने गुणा. एवढ्या वयाच्या आजोबांना तुम्ही पहाटे पळवाल का?

चिंचबन
बोरकूट, सातचं गणित चुकीचं आहे. एक वर्षाची कुत्री पिल्लं देऊ शकते, सात वर्षांची मुलगी नाही. शिवाय मोठ्या जाती लहान जातींपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. आणि फिरवणं अजिबात बंद केलं तर मांड्या सुकतात, सांधे आणखी आखडतात. बसवून ठेवणं हा उपाय नाही.

बोरकूट
आमचा शेवटची दोन वर्षं अंगणाबाहेर गेला नाही, सुखात होता. अनुभवाचं बोलतोय.

पहाटवारा
लॅब्रॅडॉर आहे, अकरा वर्षांचा, ३८ किलो. लंगडत नाही. धापा टाकतो आणि बसतो. उठताना मागचे पाय जरा ताठ असतात, चालल्यावर सुटतात. आता सांगा, किती मिनिटं?

सोनपावलं
लॅबचे केस फार गळतात, रोज ब्रश करत जा. कातडीलाही बरं असतं.

चिंचबन
३८ जास्त वाटतंय. बरगड्या हाताला सहज लागतात का बघा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांचा जन्मभर अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. ज्यांना २५ टक्के कमी खायला दिलं ते सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले, सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. आधी वाटी लहान करा.

ओलीमाती
पहाटवारा, तीन गोष्टी सांगा. भुंकण्याचा आवाज बदललाय का? पाणी पिताना ठसका लागतो का? चालताना मागच्या पायांची नखं रस्त्यावर घासल्याचा आवाज येतो का?

पहाटवारा
आवाज बसलाय, बऱ्याच दिवसांपासून. ठसका लागतो, घटाघटा पितो म्हणून असेल. नखं घासतात, हो. पण मी व्यायामाचं विचारतोय, घशाचा काय संबंध?

ओलीमाती
असू शकतो. म्हाताऱ्या लॅबमध्ये लॅरिंजियल पॅरालिसिस बऱ्यापैकी दिसतो. श्वास घेताना स्वरयंत्र उघडायला हवं, ते नीट उघडत नाही. तो नसांचा आजार असतो, म्हणून हळूहळू मागचे पायही कमजोर होतात. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकूनच. हवाच आत जात नसेल तर अंग तापतं, तापलं की आणखी जोरात धाप, आणि प्रकरण जिवावर येतं. शेरूला हेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर हलकी भूल देऊन घशात बघून ठरवतात. पण तोवर पळणं बंद, उन्हात नेणं बंद, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस. आणि पोहायला नेऊ नका.

पाणकोंबडी
पोहण्यात काय वाईट? हायड्रोथेरपीत, म्हणजे पाण्यातल्या व्यायामात, डोकं पाण्याबाहेरच असतं.

ओलीमाती
तुमच्या कुत्रीचे सांधे दुखत होते, तिला फायदा झाला, ते खरंच आहे. पण या आजारात गिळतानाही घसा नीट मिटत नाही. एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. निदान होईपर्यंत नकोच.

पाणकोंबडी
हे मला माहीत नव्हतं. मग थांबा.

बोरकूट
पायांना आपली दुखण्याची गोळी अर्धी दिली तर चालते.

चिंचबन
अजिबात देऊ नका! आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात, तीही डॉक्टरांनी रक्त तपासून द्यायची.

पहाटवारा
वेळ घेतली, दुसऱ्या डॉक्टरांकडे. तोवर करू काय? दारापाशी उभा आहे.

ओलीमाती
आकडा शेरूच देईल. एका मोठ्या फेरीऐवजी गारव्यात दोन-तीन छोट्या, सपाट रस्त्यानं. तो बसायच्या आधी तुम्ही परत फिरा. दुसऱ्या दिवशी उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तर आदल्या दिवशी जास्त झालं. रोज सारखंच ठेवा, एक दिवस आराम आणि सुट्टीला लांबचा फेरा असं नको. वाटेत हुंगू द्या मनसोक्त, नाकाच्या कामानंही तो दमतो. घरात त्याचं जेवण गुंडाळलेल्या टॉवेलात लपवा, येरझारा कमी होतील. गुळगुळीत फरशीवर पायपुसणी टाका. हिरड्या निळसर दिसल्या किंवा श्वासाला घरघर लागली तर मात्र वेळेची वाट बघू नका, लगेच न्या.

पहाटवारा
हार्नेस घातला. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, धाप कमी होती. तपासणीला उपाशी आणा म्हणालेत. पाणीही बंद करायचं का?

ओलीमाती
फोन करून त्यांनाच विचारा. प्रत्येकाची वेळ वेगळी असते, आणि याच्या घशाचा प्रश्न आहे, म्हणून ठसक्याचंही फोनवरच सांगून ठेवा.