बैठकीत निष्ठा कुणाची मोजतात?

करवीरकन्या

"आता निष्ठाबिष्ठा कोण बघतंय? दोघांचा पगार येतोय, पोरं शिकतायत, बास की." आमच्या पतसंस्थेत डबा खाताना एकीनं हे ठासून सांगितलं आणि कुणी काही बोललं नाही. मला पटलं नाही, कारण मी बैठकांना बसलेली आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते. कोल्हापूर भागात नवरा-बायकोचं फाटलं की कोर्टाआधी बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे, एखादा मध्यस्थ, कधी गल्लीतला नगरसेवक. सतरंज्या पडतात, चहा फिरतो, आणि ज्यांचा संसार आहे ते दोघं सोडून सगळे बोलतात.

एक बैठक नात्यातल्या मुलाची (ओळखू येईल असं सगळं बदललंय). शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर. बाहेर भानगड, तीही बरीच जुनी. बायकोनं त्याच्या मोबाईलवरच्या मेसेजचे फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणल्या होत्या. थोरल्या काकांनी त्या न वाचताच घडी घालून चष्म्याच्या घराखाली सरकवल्या आणि म्हणाले, "झालं गेलं पंचगंगेला मिळालं." त्यानं अंबाबाईची शपथ घेतली, सासूनं हिची ओटी भरली, कप उचलायच्या आत विषय मिटला. हिला एवढंच सांगितलं, "पोरांकडं बघ."

दुसरी बैठक बायकोवरची. जुन्या वर्गमित्राशी रात्री चॅटिंग. भेटल्याचा पुरावा काही नाही. ती बैठक जेवणाची वेळ टळून गेली तरी संपेना. एकेक मेसेज मोठ्यानं वाचला, आणि वाचायला लावला तिच्या सख्ख्या भावाला. शेवटी सासरचे उठले, "आमाला नांदवायची न्हाई."

म्हणजे निष्ठेला किंमत नाही हे खोटं. किंमत आहे, वसूल एकीकडूनच होते. माझं मत विचाराल तर निष्ठा दोघांनी पाळावी, आणि नवऱ्याला फुकट सोडून जी मिटवामिटवी होते तिला संसार वाचवला म्हणू नये. बोला आता.

पेठेतला_गडी

ताई, बैठकीला कशाला नावं ठेवता? 2018 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की लग्न झालेल्यांनी बाहेर काही केलं तरी गुन्हा नाही. कायद्याचा धाक होता तो गेला. आता बैठक तरी हाय म्हणून चार घरं टिकून आहेत. काकांनी प्रिंट वाचल्या असत्या तर काय झालं असतं? पोरांसमोर बापाची अब्रू गेली असती. आपले संस्कार, आपली लग्नसंस्था हे सगळं बाहेरच्या वाऱ्यानं पोखरलंय. मोबाईल आल्यापासून तर विचारूच नका.

वकीलबाई_कसबा_बावडा

तो धाक कुणाला होता ते आधी बघू. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं कलम 497. विवाहित बाईशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तक्रार करायचा हक्क तिच्या नवऱ्याला. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. नवरा अविवाहित मुलीकडं किंवा विधवेकडं जात असेल तर या कलमात काहीच बसत नव्हतं, आणि नवरा कुणाकडंही गेला तरी त्याच्या बायकोला तक्रारीचा हक्क नव्हता. शेतात दुसऱ्याची गुरं शिरली तर मालकानं तक्रार करावी, तसला हा कायदा होता. 27 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींनी तो एकमतानं रद्द केला. त्यातल्या एकट्या महिला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनीही निकालात लिहिलंय की जोडीदार आणि कुटुंब यांच्या दृष्टीनं हे नैतिकदृष्ट्या चूकच आहे. फक्त त्यासाठी तुरुंग नको.

घटस्फोटाला ते कारण तेव्हाही होतं, आजही आहे. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीनंतर एकदा घडलेलं सिद्ध झालं तरी पुरतं. आणि गंमत बघा, विवाहित बाईला फूस लावून नेणाऱ्याला शिक्षा देणारं जुनं 498 दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत कलम 84 म्हणून शिल्लक आहे. विवाहित पुरुषाला फूस लावली तर? काही नाही. नवरा ही फूस लागणारी चीजच नसावी.

निखळ

पुण्यात नोकरी करतो, घर राजारामपुरीत. उलटं मत मांडतो, शिव्या द्यायच्या तर द्या.

माझ्या वडिलांनी आयुष्यात दुसऱ्या बाईकडं मान वर करून बघितलं नाही. शंभर टक्के निष्ठा. आणि त्याच माणसानं आईशी कधी सरळ वाक्य बोललेलं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे, पाहुण्यांसमोर तिला "तुला काय कळतंय" म्हणायचे. तिच्या आजारपणात डॉक्टरकडं मी नेलं. तरी सगळं गाव म्हणतं, नवरा असावा तर असा, निर्व्यसनी, बाहेर कुठं नाही. या एका शिफारशीवर बाकी सगळं माफ! म्हणून मला निष्ठेचं कौतुक नाही. ती पाळायला काही करावं लागत नाही, नुसतं न केलं की झालं.

दोघांनी आपापसात काय ठरवायचं ते ठरवावं. कुणाला चालत असेल तर चालू दे. र. धों. कर्वे 1927 पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढून स्त्रीच्या कामस्वातंत्र्यावर लिहीत होते, खटले अंगावर घेत होते. शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून मेसेज मोठ्यानं वाचतोय.

करवीरकन्या

@पेठेतला_गडी, संस्कारांचं म्हणता, तर कन्यादानाच्या वेळी 'नातिचरामि', म्हणजे मी मर्यादा ओलांडणार नाही, हे वराकडून वदवून घेतात, तेही तीनदा. मुलीकडून नाही. भटजींना जे ठाऊक आहे ते काकांना ठाऊक नसावं?

@निखळ, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं आणि मुद्दा अर्धा मान्य. पण "काही करावं लागत नाही" हे नाही पटत. आणि दोघांनी ठरवावं म्हणता, ठरवायला दोघं लागतात. मी बघितलेल्या एकाही घरात नवऱ्यानं आधी बायकोला विचारून बाहेर काही केलेलं नाही. सापडल्यावर मात्र सगळे मोकळ्या विचारांचे होतात.

फौजी_टाकळी

शिरोळ तालुक्यातला, सैनिक टाकळीचा. आता रिटायर हाय.

निष्ठेला किंमत न्हाई म्हणणाऱ्यानं एकदा बर्फात पोस्टिंग काढून बगावं. घरचा फोन लागंना झाला की डोकं कसं भणभणतंय ते फौजीलाच म्हाईत. विश्वास न्हवता त्यांची ड्यूटीत चूक झालेली बगितलीया. म्हणून लष्करात ह्याला आजबी माफी न्हाई. 2018 च्या निकालानं आमचं कोर्ट मार्शल थांबत न्हाई, हे सुप्रीम कोर्टानंच 2023 ला सांगितलंय.

पर करवीरकन्या ताईंचा मुद्दा खरा हाय. मी सुट्टीवर आलो की चार जण आपणहून माझ्या मंडळींचा रिपोर्ट द्यायचे. कुणाच्या दुकानात थांबली, कुणाच्या गाडीवर बसली. मी परमुलखात काय करत होतो हे तिला कुणी सांगिटलं न्हाई, आन तिनंबी विचारलं न्हाई.

निखळ

काका, तिनं विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं?

फौजी_टाकळी

खरं उत्तर दिलं असतं. काय ते तुला कशाला सांगू.

समुपदेशन_निवृत्त

इथं तत्त्वचर्चा छान चालू आहे. मी एचआयव्ही समुपदेशनात बरीच वर्षं काढली, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातच. ज्यांना निष्ठा हा जुनाट विषय वाटतो त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

गरोदरपणात रक्त तपासतात. त्यामुळं कित्येक घरांत निदान आधी बाईचं व्हायचं. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसायची. मग सासू विचारायची, "हे हिनं कुठनं आणलं?" समोर बसलेल्या मुलीला नवऱ्याखेरीज पुरुष माहीत नसायचा. आम्ही नवऱ्याला बोलवायचो, तो तीन-तीन तारखा चुकवायचा. शेवटी यायचा, रिपोर्ट बघायचा आणि म्हणायचा, "मॅडम, घरी सांगू नका." तोवर ती माहेरी पोचलेली असायची, कलंक घेऊन. 2004 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं मिळू लागली, वेळेवर उपचार घेतले तर आज माणूस नीट जगतो, आईकडून बाळाला होणारी लागणही बहुतेक टाळता येते. ते सगळं खरं. पण त्या मुलीवरचा आळ काढणारी गोळी नव्हती.

@निखळ, तुम्ही दोघांच्या संमतीचं बोलता. संमती द्यायला आधी माहिती लागते. फसवणुकीत नेमकी तीच लपवलेली असते. शरीर दोघांचं पणाला लागतं, खेळणाऱ्याला ठाऊक असतं, दुसऱ्याला नसतं. माझा राग संबंधांवर नाही, या लपवण्यावर आहे.

निखळ

हे मान्य करावं लागेल. तरी म्हणेन की तुमचा मुद्दा प्रामाणिकपणाचा आहे, निष्ठेचा नाही. जो आधी सांगतो त्याचं काय?

समुपदेशन_निवृत्त

असा एक जरी आला असता तर तुमच्याशी वाद घातला असता.

जुना_वाडा

माझ्या आजोबांना दोन बायका होत्या, दोघी एकाच चुलीवर. मुंबई प्रांतात दुसऱ्या बायकोवर बंदी आली 1946 ला, देशभर हिंदूंसाठी 1955 ला. त्याआधी पुरुषाची निष्ठा हा प्रश्नच नव्हता, म्हणून 'पूर्वीची निष्ठा' वगैरे कुणी सांगू लागलं की मला हसू येतं. इथं शाहू महाराजांनी 1917 ला विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हाही संस्कृती बुडाली म्हणणारे होतेच.

आणि आपली अंबाबाई तरी काय? भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले, म्हणून ती रुसून करवीरला निघून आली. दुसऱ्या बाईचा विषयच नव्हता, अपमान झाला एवढंच. नवरात्रात तिरुपतीहून अजून शालू येतो. समजूत काढणं चालू आहे म्हणायचं.

पेठेतला_गडी

ओ काका, अंबाबाई आदिशक्ती आहे, ती विष्णूची बायको नव्हे. हा वाद इथं काढू नका, धागा रात्रभर बंद होणार नाही.

शिरोळकरीण

निष्ठा मोजायची तर आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाचंही नाव घ्या. 2022 च्या मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग सरकारनं इतर गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे 2022 पर्यंत आपण मेलेल्या नवऱ्याशीसुद्धा निष्ठा अंगावरून उतरवून मोजत होतो. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावरून काय काढतात? तेराव्यानंतर स्थळं बघायला लागतात.

ठराव झाला तरी आमच्या गल्लीत अजून हळदी-कुंकवाला विधवा बाईला बोलवताना चार वेळा विचार होतो. कागद एक, उंबरा एक.

पेठेतला_गडी

ते चुकीचंच हाय, तिथं मी तुमच्या बाजूनं. पण सगळ्याचा दोष पुरुषावर ढकलून निष्ठा कशी टिकणार? माझ्या मित्राची बायको गेली सोडून. त्यानं काही केलं नव्हतं. निर्व्यसनी गडी. पोरीला सकाळी वेणी घालून शाळेत सोडतोय. त्याच्यासाठी कुणी बैठक बसवली नाही, गल्लीतली माणसं उलट हसली, "बायको सांभाळता आली न्हाई." त्यानं पुरावा म्हणून तिचे कॉल रेकॉर्ड केले तर म्हणे ते बेकायदेशीर. मग करायचं काय?

वकीलबाई_कसबा_बावडा

तुमच्या मित्राला हसणारे आणि प्रिंटची घडी घालणारे काका एकाच सतरंजीवरचे. दोन्हीकडं बायको ही सांभाळायची वस्तू.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर चित्र बदललंय. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नवरा-बायकोंनी एकमेकांचे गुपचूप रेकॉर्ड केलेले कॉल घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतात. तेव्हापासून पक्षकार पेनड्राईव्ह घेऊनच येतात. मला ते फारसं आवडत नाही. ज्या घरात रेकॉर्डिंग सुरू झालं तिथं खटला जिंकला तरी हाती काय राहतं, हा प्रश्न आहे. पण पुरावा चालतो, हे मित्राला सांगा. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, अपिलासाठी मुंबईच्या खेपाही वाचल्या.

नवीन_सभासद

वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. बैठकीत शंभराच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतली, नोटरी केली, तर ती चालते का? दोन्हीकडचे पंच आहेत. मुलाचं दुसरं स्थळ ठरत आलंय.

वकीलबाई_कसबा_बावडा

नाही. समाजात तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी, आणि ते सिद्ध करणं अवघड असतं. एरवी स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, लग्न मोडत नाही. त्या कागदावर दुसरं लग्न केलं तर न्याय संहितेचं कलम 82, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दोघांचं खरंच पटत नसेल तर संमतीनं अर्ज करा, तो रस्ता सरळ आहे.

नवीन_सभासद

मी मुलीकडचा आहे. सही तिनं केलेली नाही. तिच्या वतीनं मी केली, भाऊ म्हणून.

वकीलबाई_कसबा_बावडा

मग तो कागद रद्दी आहे. तिला माझ्याकडं पाठवा. एकटीला. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.