'स्पॅझमॉडिक'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न:
भाषांतरात 'स्पॅझमॉडिक' तीनदा आलाय: खोकल्याला, इंजिनाला आणि एका मुलाच्या अभ्यासाला. 'आकस्मिक' आणि 'अधूनमधून' दोन्ही लावून पाहिले, अर्थ अर्धाच येतो. तिन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

प्रतिसाद १:
नाही, आणि शोधूही नका. मुळातल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ खेचणं, ओढणं. त्यामुळे या शब्दात अचानकपणा, जोर आणि अनियमितपणा तिन्ही आहेत. 'आकस्मिक'मध्ये पहिलाच येतो, 'अधूनमधून'मध्ये जोर नाही, 'तुरळक' तर फक्त कमीपणा सांगतो.

खोकल्याला 'उबळ'च. ती आतून उसळते, ओसरते, पुन्हा येते. 'ढास' लिहू नका, ती एकदा लागली की खोकला थांबतच नाही. 'ठसका' लागतो तो घास किंवा पाणी चुकीच्या वाटेने गेल्यावर. क्रियापदही सांभाळा: ढास, ठसका, उचकी 'लागते', उबळ मात्र 'येते'. 'उबळ लागली' कानाला खटकतं.

वैद्यकीय मजकूर असेल तर 'आक्षेप' टाळा. आयुर्वेदात तो झटक्यांसाठी आहे, पण 'रुग्णाला आक्षेप आले' वाचून आजच्या वाचकाला हरकतच आठवणार. सरळ 'झटके' लिहा. पोटरीपुरतं असेल तर 'पेटका' किंवा 'गोळा'.

प्रतिसाद २:
इंजिन 'आचके' देतं. इंधन तुटक पोचलं की एक ठिणगी पेटते, पुढची वाया जाते, तसं. पण आचक्यात शेवटच्या श्वासाची छटा आहे. 'आचके देत बंद पडलं' शोभतं. पुढच्याच वाक्यात ते सुरळीत धावणार असेल तर 'झटके देत' बरं. 'गचका' निराळा, तो गाडीत बसलेल्याला बसतो.

प्रतिसाद ३:
अभ्यासाला 'झटका': 'झटका आला की रात्रभर वाचतो, मग आठ दिवस पुस्तक उघडत नाही.' 'हुक्की'त मौज डोकावते, 'लहर' फार मऊ. भावनांचं म्हणाल तर 'उमाळा' मायेचाही येतो, दुःखाचाही. 'कढ' जास्त करून दुःखाचे, आणि बहुधा अनेकवचनात. रागाला हे दोन्ही चालत नाहीत, त्याची 'सणक' जाते डोक्यात.

प्रश्नकर्ता:
आणि क्रियाविशेषण हवं असेल तर?

प्रतिसाद १:
'राहून राहून'. 'पोटात राहून राहून कळ येत होती.' कळ दर दहा मिनिटांनी ठरल्यासारखी येत असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे 'ठरावीक वेळाने' लिहा.